सहा वाजताचं लंगडणं

संध्याकाळी सहाच्या सुमारास दाराच्या कुलपात किल्ली फिरली की या घरात दोघंजण लंगडायला लागायचे. एक मी आणि दुसरा टिल्लू. माझं वय सदुसष्ट, त्याचं सात. मला दोन पाय, त्याला चार, त्यामुळे त्याच्याकडे निवडीला वाव जास्त होता आणि तिथेच तो घोटाळा करायचा.

आधी माझ्याबद्दल सांगते, कारण सुरुवात मी केली. छत्तीस वर्षं मी इस्पितळात नर्स होते, त्यातली शेवटची चौदा हाडांच्या वॉर्डची मोठी सिस्टर. कोण खरंच दुखतंय म्हणून ओरडतो आणि कोण सुट्टी वाढवून मिळावी म्हणून कण्हतो, हे मला वॉर्डच्या दारातून कळायचं. नाटकी पेशंटांची मी कधी गय केली नाही. एकाला पाठदुखीमुळे म्हणे कूसही बदलता येत नव्हती. त्याच्या खाटेखाली मी एक सफरचंद घरंगळत सोडलं आणि पडद्याआडून बघत राहिले. पठ्ठ्याने ते वाकून काढलं, चादरीला पुसलं आणि बियांसकट खाल्लं. दुसऱ्या दिवशी तो घरी गेला.

तर अशा बाईने चार महिन्यांपूर्वी बसच्या शेवटच्या पायरीवर पाऊल चुकवलं आणि डावा घोटा मोडून घेतला. लेक आणि जावई मला इस्पितळातून थेट आपल्या घरी घेऊन आले.

"पाय बरा होईपर्यंत इथेच राहायचं," लेक म्हणाली.

"आणि त्यानंतर एक दिवसही नाही," मी म्हणाले.

मला कोणी म्हणायला सांगितलं होतं? पण मिरवायची खोड. मी कोणाच्या घरी तीन दिवसांच्या वर राहत नाही, कोणाच्या अध्यातमध्यात नाही, माझं मी बघते, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत आले होते. लेकीला तर हे शाळेत असल्यापासून पाठ होतं. तिने मान डोलावली आणि माझ्या पायाखाली उशी सरकवली.

लेक चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांना समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावते आणि घरी येऊन स्वतःचा चष्मा शोधते. जावई लिफ्ट दुरुस्त करतो. दारातून आत येताना आपोआप मान खाली घालावी लागते एवढा उंच माणूस, हात पाना-पक्कडीने राकट झालेले, आणि घरात पाऊल टाकल्याबरोबर "माझं शोनुलं कुठंय, माझं भुभू कुठंय" असं बोबडं बोलायला लागतो. ते शोनुलं बत्तीस किलोचं आहे. पिल्लू असताना मुठीत मावायचं म्हणून टिल्लू नाव ठेवलं, आणि नंतर बदलायचं राहून गेलं.

शिवाय काकू. ही मांजर. करडी, रुंद तोंडाची, आणि प्रत्येक गोष्ट आधीच माहीत असल्यासारखी बघणारी. तिचं नाव कोणी ठेवलं ते ठाऊक नाही, पण बरोबर ठेवलं.

मला प्राण्यांची आवड नव्हती. जन्मभर फिनेलने लाद्या पुसून घेतलेल्या बाईला केस, लाळ आणि पंजांचे ठसे कुठून आवडणार? पहिले आठ दिवस मी पलंगावरून सूचना देत होते. कुत्रा आत येता कामा नये. मांजर वर चढता कामा नये. नवव्या दिवशी सकाळी डोळे उघडले तर कुत्रा पलंगाच्या खाली होता, मांजर माझ्या प्लास्टरवर होती, आणि मी हलले तर तिची झोप मोडेल म्हणून मी अर्धा तास तशीच पडून राहिले. त्या अर्ध्या तासाबद्दल मी कोणाला बोलले नाही.

पुढे माझं रोजचं काम ठरून गेलं. ते दोघं कामावर गेले की मी टिल्लूला बाल्कनीत बसवून कंगवा फिरवायची. त्याचे पंजे एकेक करून हातात घ्यायचे, बोटांच्या बेचक्यात खडा किंवा गोचीड नाही ना ते बघायचं, कान उलटे करून आत डोकावायचं. नखं कापायची कातरी दिसली की एवढा मोठा कुत्रा सोफ्यामागे तोंड लपवून उभा राहायचा आणि आपण दिसत नाही अशा समजुतीत शेपूट बाहेर ठेवायचा. मी रोज एकच नख कापायची, वर बिस्किटाचा तुकडा द्यायची. अठरा दिवसांत अठरा नखं झाली आणि त्याला पत्ताही लागला नाही. काकूच्या वाळूची पेटी मी वॉर्डच्या शिस्तीने साफ करायची. ती ताटलीतलं पाणी पीत नाही, माझ्या पेल्यातलं पिते, म्हणून मी दोन पेले ठेवायला लागले. मग ती दुसऱ्यातलं पिऊ लागली.

प्लास्टर निघालं, व्यायाम सुरू झाले, लेक-जावई का कोण जाणे कोपऱ्यातल्या खोलीतलं सामान हलवू लागले, आणि व्यायामाच्या पाचव्या आठवड्यात पाय बरा झाला. तो बरा झालाय हे मला काकूमुळे कळलं. माझ्या टोस्टवरचं लोणी चाटून ती पळाली आणि मी तिच्या मागे. स्वयंपाकघर, हॉल, वाटेतलं पायठेवणं ओलांडून बाल्कनी. तिथे मी तिला धरली. धाप लागली होती, हातात मांजर होती, आणि काठी पार तिकडे टेबलाला टेकून उभी होती.

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पाय बरा झाला म्हणजे मी आता माझ्या घरी जाणार. माझं घर चांगलं आहे, दोन स्वच्छ खोल्या आहेत, सगळं जागच्या जागी आहे. मला तिथे जायचं नव्हतं. एवढं साधं होतं ते, आणि एवढं साधं माझ्या तोंडून बाहेर पडत नव्हतं.

म्हणून त्या संध्याकाळी मी लंगडले. अगदी थोडं. पायठेवण्यावर पाय ठेवला, "आज जरा ठणकतोय" म्हटलं, जावयाने गरम पाण्याची पिशवी आणून दिली, लेकीने शेजारी बसून घोटा चोळला. काम झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मला कला अवगत होती, छत्तीस वर्षं नाटकी मंडळी बघून कुठे चुकतं ते पाठ होतं. पाय एकच ठेवायचा, दुखण्याची जागा बदलायची नाही, कण्हणं कमी, आणि सहन करतोय असा चेहरा जास्त. गाडीत पुढची सीट माझी. जिना दिसला की मी थांबायची. मला लाज वाटायची का? वाटायची. पण ती सकाळी वाटायची, आणि संध्याकाळी सहाला किल्ली फिरली की जायची.

हे सगळं टिल्लू बघत होता.

मध्येच एकदा फिरायला गेला असताना त्याच्या पुढच्या डाव्या पंजात काटा रुतला. बारीकसा. मी चिमट्याने काढला, जंतुनाशकाने पुसलं, दोन दिवसांत भरूनही आलं. पण त्या दोन दिवसांत जावयाने त्याला कडेवर घेऊन जिना चढवला, लेकीने हाताने अंडं भरवलं, आणि दोघांनी आळीपाळीने "माझ्या राजाला बाऊ झाला" असं म्हणून त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तिसऱ्या दिवशी तो दिवसभर माझ्याबरोबर घरभर हुंदडला. सहा वाजता किल्लीचा आवाज आला, मी काठी घेतली, आणि बघते तर हा पंजा अधांतरी धरून दाराकडे निघालेला. आमची दोघांची नजरानजर झाली. मी हळूच म्हटलं, "टिल्लू, नाटकं करू नकोस." त्याने माझ्या काठीकडे पाहिलं.

आठवडाभर तो छान लंगडला. मग एका गुरुवारी डाव्या पायाने लंगडला आणि शुक्रवारी उजव्या. लेक घाबरली, की दुखणं एका पायातून दुसऱ्यात गेलं. मी मात्र जाणलं. वॉर्डात नवशिके हीच चूक करायचे. आता मी काय करायचं होतं? "अगं, हा ढोंग करतोय" असं सांगायचं होतं, बस. पण ढोंग हा शब्द या घरात एकदा उच्चारला गेला असता, तर तो टिल्लूवर थांबला असता याची खात्री काय? मी गप्प बसले आणि त्याच्या पंजावर फुंकर घातली. त्याने डोळे मिटून घेतले, लबाडाने.

जावई आणि लेक त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन निघाले. मीही गेले, पुढच्या सीटवर. या बाई जनावरांशी हळुवार बोलतात आणि माणसांशी तुटक. त्यांनी टिल्लूचं एकेक बोट दाबलं, सांधे वाकवले, खांद्यापर्यंत हात फिरवला. टिल्लूने त्यांचा कान चाटला.

"हाडाचं काही लागत नाही हाताला," त्या म्हणाल्या. "पण पंधरा दिवस लंगडतोय आणि पाय बदलतोय, म्हणजे एक्स-रे काढून बघायला हवं. हा स्वस्थ पडून राहणार नाही. गुंगीचं इंजेक्शन देऊ."

"धोका नाही ना?" लेकीने विचारलं.

"गुंगी म्हटलं की थोडा असतोच. बहुतेक वेळा काही होत नाही."

बहुतेक वेळा. हे शब्द मी स्वतः किती नातेवाइकांना ऐकवले असतील. पहिल्यांदाच मी त्यांच्या बाजूला होते. जावयाचा एवढा मोठा चेहरा एकदम उतरला. टिल्लू टेबलावर बसून आळीपाळीने सगळ्यांकडे बघत शेपूट हलवत होता. त्याला वाटत होतं आपलं छान चाललंय. माझ्या नाटकापायी या मूर्खाला सुई टोचणार, आणि मी तिथे पाय लांब करून बसणार.

"डॉक्टर," मी म्हटलं, "गुंगी द्यायच्या आधी तो एकटा असताना कसा चालतो ते बघा ना. कोणी बघत नाही असं वाटलं की कळतं."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "कुठे काम करत होता तुम्ही?"

"हाडांच्या वॉर्डात. सिस्टर होते."

"तरीच," त्या म्हणाल्या, आणि जावयाकडे वळल्या. "घरात फोन लावून ठेवा. दोन-तीन तासांचं चित्रण करा. काटछाट न करता तसंच घेऊन या. शनिवारी बघू, मग ठरवू."

आता मी काही दूधखुळी नव्हते. आपण होऊन घरात कॅमेरा बोलावलाय, तो मलाही बघणार, हे मला डॉक्टरीणबाईंच्या पायऱ्या उतरतानाच कळलं होतं. पण कॅमेरा काय, एकाच दिशेला बघतो. वॉर्डात शंभर डोळे होते, त्यांना मी पुरून उरले होते.

शुक्रवारी सकाळी जावयाने जुना फोन हॉलमधल्या पुस्तकांच्या मांडणीवर, खालून दुसऱ्या फळीवर, छोट्या स्टँडला टेकवून ठेवला. मी शहाण्यासारखं विचारलं, "काय काय दिसतंय बघू?" त्याने दाखवलं. खिडकीखालची टिल्लूची गादी, अर्धा सोफा, दाराचा खालचा भाग. स्वयंपाकघर अजिबात नाही. माझा जीव भांड्यात पडला.

"आई, तुम्ही नेहमीसारख्याच वागा," तो जाताना म्हणाला.

"मी आणखी कशी वागणार?" मी म्हटलं.

ते गेले. मी कॅमेऱ्यासमोरून एक फेरी मारली. काठी टेकत, सोफ्याची पाठ धरत, मध्ये एकदा थांबून घोट्याला हात लावत. चांगलं जमलं होतं, खोटं कशाला बोलू. मग मी चित्राच्या बाहेर पडले, काठी कोपऱ्यात उभी केली आणि स्वयंपाकघरात जाऊन माणसासारखी चालायला लागले.

बरंच काम साचलं होतं. लंगड्या बाईला जे करता येत नाही ते सगळं मी शुक्रवारवर ठेवलं होतं. पायऱ्यांच्या स्टुलावर चढून वरच्या फळीवरचे डबे काढले, पुसले, परत लावले. खाली बसून ओट्याखालचा कोपरा घासला. पहिल्याच डब्याचा आवाज झाला तेव्हाच टिल्लू गादीवरून उठून टकाटका चालत आला होता, चारही पायांवर, आणि माझ्यासमोर बसला होता. म्हटलं, झालं, फोनमध्ये आलं असेल, याची सुई चुकली. मला फार हलकं वाटलं. काम आटोपल्यावर मी फ्रीज उघडून त्याला अर्धं अंडं दिलं, त्याच्याजवळ जमिनीवर फतकल मारून बसले आणि त्याच्याशी बोलले. मी त्याच्याशी बोलते. बोबडं नाही, नीट बोलते.

हॉलमध्ये काकू काय करतेय याच्याकडे माझं लक्ष नव्हतं. थोड्या वेळाने काहीतरी पडल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर फोन फळीवर पालथा पडलेला आणि काकू शेजारी बसून पंजा चाटतेय. मी तो उचलून होता तसा ठेवला. आणि पडला ते बरंच झालं, असंही मला वाटलं.

शनिवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी फोन भिंतीवरच्या पडद्याला जोडला. आम्ही तिघं ओळीने खुर्च्यांवर, टिल्लू पायाशी. बाई चित्रण भरभर पुढे सरकवत होत्या. टिल्लू झोपलेला, टिल्लू कूस बदलताना. मध्येच मी आले आणि कण्हत गेले.

"फार त्रास होतो का हो?" बाईंनी विचारलं.

"सहन करते," मी म्हटलं.

मग टिल्लूने कान टवकारले, उठला, अंग ताणलं आणि चारही पायांवर, ऐटीत चित्राबाहेर गेला. बाईंनी तो तुकडा तीनदा फिरवून पाहिला. "हा कुत्रा लंगडत नाही," त्या म्हणाल्या. "हा तुम्हाला लंगडून दाखवतो. काट्याच्या वेळी फार लाड केले असणार." जावयाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. रडतोय की हसतोय ते कळेना. लेक टिल्लूला म्हणाली, "चोरा," आणि त्याच्या मानेला मिठी मारली. सगळं इतकं गोड चाललं होतं, की मी काठी घेऊन उठायलाही लागले.

पण बाईंनी चित्रण बंद केलं नव्हतं. पडदाभर एकदम करडे केस आले. मग एक मिशी, मग एक पिवळा डोळा. काकू फोनच्या कडेला गाल घासत होती. हे आपलं आहे असं ठरवलं की मांजरं त्याला गाल घासतात, हे मला नंतर बाईंनीच सांगितलं. एकदा घासला, फोन जरासा वळला. दुसऱ्यांदा घासला, सोफा गेला आणि स्वयंपाकघराची चौकट आली. तिसऱ्यांदा घासला आणि चौकटीत मधोमध मी आले.

मी स्टुलावर होते. दोन्ही हात वर, टाचा उचललेल्या. मग उतरले, खरं सांगायचं तर शेवटच्या पायरीवरून उडीच मारली. मग उकिडवी बसून कोपरा घासला. मग उठले, फ्रीज उघडला, कमरेला हात लावून उभी राहिले. मी समोर भिंतीवरचा कुत्र्यांच्या लसींचा तक्ता वाचायला लागले. मनात म्हटलं, सिस्टरबाई, तुमचं सफरचंद आलं.

एवढ्यावर निभावलं असतं तरी मी काहीतरी सारवासारव केली असती. पण फोनला कानही होते, आणि याचा विचार मी केलाच नव्हता. पडद्यावरची मी टिल्लूजवळ फतकल मारून बसले आणि बोलायला लागले. आवाज स्पष्ट होता.

"तुझं बरं आहे रे," मी त्याला म्हणत होते. "तू धडधाकट निघालास म्हणून तुला कोणी घालवणार नाही. माझं तसं नाही. माझा पाय बरा झाला की मी गेले. तिकडे चारचा चहा झाला की दुसऱ्या दिवशीच्या दूधवाल्यापर्यंत मी कोणाशी बोलत नाही, माहितीय? मला इथेच राहायचंय. तिला विचारलं तर ती हो म्हणेल. पण हो म्हणायच्या आधी क्षणभर थांबली तर? तो चेहरा मला बघायचा नाहीये, टिल्लू. त्यापेक्षा लंगडलेलं बरं."

टिल्लूने माझा गाल चाटला, मग काकूचं शेपूट आडवं आलं, चित्र पालथं झालं आणि काळोख पसरला.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे फोन काढून जावयाच्या हातात दिला. "एक्स-रे नको," त्या म्हणाल्या. "लंगडला तर बघायचं नाही. सरळ चालला की कौतुक करायचं. दहा-बारा दिवसांत सुटेल सवय." मग माझ्याकडे वळून त्याच आवाजात म्हणाल्या, "बाकी केस मी घेत नाही. मी फक्त जनावरांची डॉक्टर आहे."

बाहेर आलो. जावई म्हणाला, "मी याला त्या झाडापर्यंत नेऊन आणतो," आणि टिल्लूला घेऊन लांब लांब ढांगा टाकत निघून गेला. एवढा आडदांड माणूस, पण कुठे थांबायचं नाही हे त्याला कळतं. फुटपाथवर मी आणि लेक. मी काठीवर भार देऊन उभी होते. कशासाठी ते मलाही कळत नव्हतं.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"सात आठवडे."

"सात आठवडे मी रोज रात्री तुझा घोटा चोळतेय."

"छान चोळतेस," मी म्हटलं. मला वाटलं हसेल. ती हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते आणि नाक लाल झालं होतं. लहानपणी राग आला की व्हायचं तसंच.

"कुत्र्याला सांगितलंस," ती म्हणाली. "मला नाही."

"तो थांबत नाही ना. बोललेलं ऐकतो आणि तोंड चाटतो."

"आई, गप्प बस जरा. मी बोलतेय." तिने चष्मा काढून ओढणीला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "तुझं प्लास्टर निघालं त्याच दिवशी आम्ही दोघांनी ठरवलं होतं, तुला विचारायचं. आता परत जाऊ नकोस, इथेच राहा म्हणून. ती कोपऱ्यातली खोली त्यासाठीच रिकामी केली. तुला काय वाटलं, आम्ही उगाच सामान हलवत होतो?"

"मग विचारलं का नाहीस?"

"कारण तू लंगडत होतीस." आता तिचा आवाज चढला. "लंगडत असताना विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? माझी कीव करू नकोस, मला कोणाच्या उपकारात राहायचं नाही, आणि बॅग भरून निघाली असतीस. म्हणाली असतीस की नाही? खरं सांग."

मी विचार केला. "म्हणाले असते."

"म्हणून मी थांबले होते. तुझा पाय अगदी खणखणीत झाला, तू दारात ताठ उभी राहून 'मी निघते' म्हणालीस, की मग विचारायचं होतं. म्हणजे तुला वाटलं नसतं की दया आली म्हणून विचारते. रोज घरी आले की आधी तुझ्या पायाकडे बघायचे मी. आज तरी सरळ चालते का. आणि तू रोज..."

छत्तीस वर्षं मी लोकांची ढोंगं ओळखली, आणि माझी पोर रोज माझ्या पायाशी बसून कशाची वाट बघतेय हे मला दिसलं नाही. मी स्वतःवर इतकी चिडले की काठी आपटली. मग ती तिच्या हातात दिली.

गाडी पन्नास-साठ पावलांवर होती. मी चालायला लागले. सरळ आणि भराभर. वळून पाहिलं नाही, कारण माझे गाल ओले झाले होते आणि मला रडताना बघायची या घरात कोणाला सवय नाही.

"राहतेस ना मग?" ती मागून म्हणाली.

मी चालता चालताच हो म्हटलं. तिला ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा एकदा, जरा मोठ्याने म्हटलं.